छोट्या जाहिरातींचे पैसे कोणाचे होते?

अमेरिकेतली वर्तमानपत्रं कशामुळे बुडाली, हा विषय निघाला की क्रेग्सलिस्ट हे छोट्या जाहिरातींचं संकेतस्थळ काढणाऱ्या क्रेग न्यूमार्कचं नाव येतंच. पत्रकारितेच्या वर्गात येतं, परिसंवादात येतं, निवृत्त वार्ताहरांच्या गप्पांत तर हमखास येतं. एक बाजू म्हणते, या माणसाने छोट्या जाहिराती फुकट करून टाकल्या आणि दीडशे वर्षांचा धंदा मारला. पुढे त्यानेच पत्रकारितेच्या शाळेला दोन कोटी डॉलर दिले, ते म्हणजे प्रायश्चित्त. दुसरी बाजू म्हणते, टांगे गेले तशी वर्तमानपत्रं गेली, त्यात रडायचं काय? मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद कच्चा वाटतो, आणि तो एकाच जागी कच्चा आहे. ते पैसे मुळात कोणाच्या खिशातून येत होते आणि हातात आल्यावर त्यांचं काय केलं गेलं, हे दोघंही विचारत नाहीत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. न्यूमार्कने वर्तमानपत्रांच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटवला, हे खरं आहे. पण बातमीदारी त्याने मारली, हा आरोप टिकत नाही. ती मरणपंथाला लावणारे लोक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्येच बसलेले होते, आणि न्यूमार्ककडे बोट दाखवण्याच्या नादात ते आजही सुटून जात आहेत.

छोटी जाहिरात वर्तमानपत्राच्या खिडकीवर उभं राहून ज्यांनी कधी दिली नाही, त्यांना हा वाद पुरता कळणं अवघड आहे. वडिलांची स्कूटर विकायची होती तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. चौकटी छापलेला फॉर्म, एका चौकटीत एक शब्द, दोऱ्याने टेबलाला बांधलेलं बॉलपेन. वडिलांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सुस्थितीतील स्कूटर विकणे आहे. कृपया सायंकाळी सहानंतर भेटावे.’ खिडकीतल्या बाईंनी पेनाच्या टोकाने शब्द मोजले आणि रक्कम सांगितली. वडिलांनी कागद मागे घेतला. आधी ‘कृपया’ खोडलं, मग थोडा वेळ विचार करून ‘सुस्थितीतील’. आयुष्यात कोणालाही ‘कृपया’ शिवाय पत्र न लिहिलेला माणूस तो. आपल्या वधूवर जाहिरातींमधलं ‘सुशि., सुस्व., निर्व्य.’ हे सगळं त्याच खिडकीवर जन्माला आलं. माणसं भाषा कापत होती, कारण शब्दाला दर होता. आणि दर लावणारी खिडकी बहुतेक गावांत एकच असायची.

अमेरिकेतही यापेक्षा वेगळं नव्हतं, फक्त रकमा मोठ्या होत्या. एकेका शहरात एकच मोठं दैनिक उरलेलं. भाड्याने खोली द्यायची असो, जुनी गाडी विकायची असो की हॉटेलात वाढपी ठेवायचा असो, जाणार कुठे? २००० साली अमेरिकी वर्तमानपत्रांना या छोट्या जाहिरातींमधून सुमारे १,९६० कोटी डॉलर मिळाले. छापील जाहिरातींच्या एकूण उत्पन्नाचा हा जवळजवळ ४० टक्के भाग होता.

हे उत्पन्न ज्याने आटवलं तो माणूस धंदेवाल्यांच्या घराण्यातला नव्हता. जन्म १९५२चा, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनचा. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात शिकला, मग आयबीएममध्ये सतरा वर्षं नोकरी केली. १९९३ मध्ये चार्ल्स श्वाब या शेअर दलाली कंपनीच्या कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आला. तिथे १९९५ च्या सुरुवातीला त्याने ओळखीच्या थोड्या लोकांना ईमेल पाठवायला सुरुवात केली, की शहरात अमुक ठिकाणी अमुक कार्यक्रम आहे. लोक आणखी पत्ते कळवत गेले. कोणी लिहिलं, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. कोणी लिहिलं, मी खोली शोधतोय. यादी २४० पत्त्यांच्या आसपास पोचली तेव्हा साध्या ईमेलला ती झेपेना, आणि नव्या व्यवस्थेसाठी नाव द्यायची वेळ आली. त्याच्या मनात ‘एसएफ इव्हेंट्स’ असं साधं नाव होतं. मित्र म्हणाले, आम्ही तर आधीपासून ‘क्रेग्सलिस्ट’च म्हणतो. १९९९ मध्ये कंपनी झाली. २००० मध्ये कारभार जिम बकमास्टरकडे गेला आणि न्यूमार्क स्वतः ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला बसला. आपल्याच कंपनीत वर्षानुवर्षं तो हे काम करत होता. करड्या पानावरच्या निळ्या ओळी, चित्र नाही, सजावट नाही. त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोतल्या नोकरीच्या जाहिरातीला ७५ डॉलर, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये २५, न्यूयॉर्कच्या घरदलालांना १० डॉलर. बाकी जवळपास सगळं फुकट.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. २००९ पर्यंत १,९६० कोटींचे सुमारे ६०० कोटी उरले. क्रेग्सलिस्ट वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या वर्षी पोचली, याचा आधार घेऊन तिघा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. त्यात दिसलं, की जी वर्तमानपत्रं छोट्या जाहिरातींवर अधिक अवलंबून होती त्यांनी क्रेग्सलिस्ट आल्यावर वार्ताहर कमी केले आणि राजकीय बातम्याही घटवल्या. त्यामुळे ‘वर्तमानपत्रं तशीही मरणारच होती’ हे वाक्य एवढ्यावर सोडून देता येत नाही. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. कितीतरी परगण्यांमध्ये स्थानिक सभेला, न्यायालयाला, शाळा मंडळाच्या बैठकीला जाऊन बसणारा एकही बातमीदार नाही. हे नुकसान खरं आहे. जुन्या वार्ताहरांचा राग मला नाटकी वाटत नाही, कारण त्यांनी आपलं टेबल रिकामं होताना पाहिलं आहे.

याच मुद्द्याची आणखी एक खोल बाजू आहे, आणि ती मांडणारे लोक कमी आहेत. बातमी ही गावातल्या सार्वजनिक विहिरीसारखी असते. जो वर्गणी देत नाही त्यालाही पाणी मिळतं. महापालिकेतला घोटाळा उघडकीला आला तर फायदा अंक विकत घेणाऱ्यालाही होतो आणि न घेणाऱ्यालाही. अशा गोष्टीला लोक स्वखुशीने पुरेसे पैसे देत नाहीत. मग जुनं सोफासेट विकणाऱ्याकडून चार पैसे जास्त घ्यायचे आणि त्यातून विहिरीची डागडुजी करायची, ही सोय वाईट होती का? कोणाला कळत नव्हतं, कोणाला फार बोचत नव्हतं, आणि शहराला पहारेकरी मिळत होता. न्यूमार्कने सोफा विकणाऱ्याचे चार पैसे वाचवले आणि पहारेकरी घरी बसला. हा युक्तिवाद मी कितीही वेळा वाचला तरी त्याचं वजन कमी होत नाही.

पण त्याची परीक्षा एकाच प्रश्नावर होते. तो छुपा कर पहारेकऱ्याच्या पगारावर खर्च होत होता का?

सॅन होजे मर्क्युरी न्यूज हे सिलिकॉन व्हॅलीचं दैनिक घ्या. नोकऱ्यांच्या जाहिरातींनी रविवारचा अंक हाताला जड लागायचा, एवढी तिथे भरभराट. ते नाइट रिडर या मोठ्या साखळीच्या मालकीचं होतं. मार्च २००१ मध्ये तिथल्या प्रकाशकाने, जे हॅरिस यांनी, राजीनामा दिला. कारण असं, की वरून ठरवून दिलेला नफ्याचा आकडा गाठायचा तर माणसं काढावी लागतील आणि अंक खालावेल, हे त्यांना पटेना. हा राजीनामा झाला तेव्हा क्रेग्सलिस्ट ही सॅन फ्रान्सिस्कोबाहेर नुकती पाऊल टाकणारी लहानशी कंपनी होती. संगणक कंपन्यांचा फुगा फुटला होता, जाहिराती घटत होत्या, तरी कंपनीला नफा हवाच होता. तोही साधासुधा नव्हे. त्या काळात अमेरिकेतल्या साखळी वर्तमानपत्रांचा नफा शंभर डॉलरमागे वीसच्या घरात असायचा. किराणा दुकानदार ज्या टक्क्याची स्वप्नंही पाहत नाही, तो टक्का कमी पडतो म्हणून वार्ताहर काढले गेले.

पुढचं आणखी बोलकं आहे. नाइट रिडरच्या बड्या भागधारकांनी आणखी परतावा मागितला आणि २००६ मध्ये कंपनी विकायला लावली. मॅक्लॅची या दुसऱ्या वर्तमानपत्र साखळीने कर्ज काढून ती ४५० कोटी डॉलरला घेतली; २०२० मध्ये मॅक्लॅचीने दिवाळखोरी जाहीर केली. २००७ मध्ये जमिनींच्या व्यवहारातल्या सॅम झेल यांनी शिकागोची ट्रिब्यून कंपनी प्रचंड कर्ज उभारून ताब्यात घेतली. वर्षभरात, डिसेंबर २००८ मध्ये, सुमारे १,३०० कोटी डॉलरच्या कर्जासह ती दिवाळखोरीत गेली. हे कर्ज वार्ताहर नेमायला काढलं नव्हतं, छापखाना घ्यायलाही नाही. कंपनी विकत घ्यायला काढलेलं कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं आणि त्याचे हप्ते बातमीदारांच्या टेबलांनी फेडले. घर गहाण टाकून घरच विकत घेण्याच्या या व्यवहाराला न्यूमार्क कसा जबाबदार?

शिवाय खप तर फार आधीपासून घसरत होता. अमेरिकी दैनिकांचा खप १९८४ च्या सुमाराला सर्वांत वर, सहा कोटींच्या पुढे होता. न्यूमार्क तेव्हा आयबीएमच्या नोकरीत होता. वाचक हळूहळू निघून जात होते आणि छोट्या जाहिरातींच्या पैशाने ती गळती झाकली जात होती. उत्पन्न वाढतंय म्हणून वाचक का जातोय हे विचारायची गरजच पडली नाही. मला वाटतं, त्या जाहिरातींनी केलेलं हे सगळ्यात मोठं नुकसान. त्या पैशाने बातमीदारीला आधार दिला असेल, पण त्याच पैशाने मालकांना बेफिकीरही केलं.

आणि असंही नव्हे की त्यांना इंटरनेट दिसलं नाही. १९९५ मध्ये, म्हणजे न्यूमार्क मित्रांना ईमेल पाठवत होता त्याच वर्षी, नऊ बड्या वर्तमानपत्र कंपन्यांनी इंटरनेटवर उतरण्यासाठी एकत्र येऊन न्यू सेंच्युरी नेटवर्क नावाची संस्था काढली. एकमेकांवर विश्वास नव्हता, प्रत्येकाला आपलं गाव राखायचं होतं. १९९८ मध्ये ती गुंडाळली. नोकऱ्यांच्या करिअरबिल्डर या संकेतस्थळाची मालकी पुढे ट्रिब्यून, नाइट रिडर आणि गॅनेट या वर्तमानपत्र कंपन्यांकडेच होती. मग ज्या जाहिराती छापील अंकातून गेल्या, त्यांतल्या काही स्वतःच्याच दुसऱ्या खिशात गेल्या की. तो खिसा वार्ताहरांसाठी का उघडला नाही?

आकड्यांकडे एकदा सरळ पाहू. छोट्या जाहिरातींमधून वर्तमानपत्रांना मिळणारं वार्षिक उत्पन्न नऊ वर्षांत १,३०० कोटी डॉलरपेक्षा जास्त घटलं. २००९ मध्ये क्रेग्सलिस्टचं उत्पन्न, जाणकारांच्या अंदाजानुसार, १० कोटी डॉलरच्या आसपास होतं. मधलं सगळं गेलं कुठे? काही भाग नोकऱ्यांचं मॉन्स्टर, गाड्यांचं ऑटोट्रेडर अशा दुसऱ्या स्पर्धक संकेतस्थळांकडे गेला, बराच २००८ च्या मंदीत वाहून गेला, आणि उरलेला ज्यांचा होता त्यांच्याकडेच राहिला. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या दोन अभ्यासकांनी हिशोब मांडला, की २००० ते २००७ या काळात क्रेग्सलिस्टमुळे जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५०० कोटी डॉलर वाचले. ‘मूल्य नष्ट झालं’ असं या रकमेला म्हणतात. खोली भाड्याने देणाऱ्या विधवेच्या पर्समध्ये राहिलेले पैसे नष्ट कसे झाले?

त्या जुन्या खिडकीबद्दल आपल्याला इथे वेगळं काही ठाऊक आहे, म्हणून दोन शब्द. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याची जाहिरात, पैसे द्यायची तयारी असूनही, ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरातीची खिडकी ही नुसती गल्ल्याची जागा नसते. तिच्या आत बसलेला माणूस ठरवतो की गावाशी कोण बोलणार. अमेरिकेतही वर्तमानपत्रांच्या घरांच्या जाहिरातींमध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं उघड छापलं जायचं. १९६८ च्या कायद्याने ते बंद केलं. जुन्या व्यवस्थेच्या आठवणीने हळवं होताना तिचा हा भागही आठवावा.

मात्र उघडी खिडकीही निर्दोष नसते, आणि इथे न्यूमार्कच्या समर्थकांनी मान खाली घालायला हवी. खिडकीतल्या बाई नुसते शब्द मोजत नव्हत्या, समोर कोण उभा आहे हेही पाहत होत्या. क्रेग्सलिस्टवर कोणी पाहत नव्हतं. देहविक्रयाच्या जाहिराती, त्यांत अडकलेल्या अल्पवयीन मुली, खोट्या घरांच्या नावाने लुबाडलेले भाडेकरू. राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दबाव आणल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये प्रौढ सेवांचा विभाग बंद झाला. २०१८ मध्ये अशा जाहिरातींसाठी संकेतस्थळांनाच जबाबदार धरणारा नवा कायदा आला तेव्हा व्यक्तिगत ओळखीचा विभागही काढावा लागला. इतकी वर्षं ‘वापरणारेच आक्षेपार्ह मजकुरावर खूण करतील’ या भरवशावर थांबणं ही चूक होती, आणि तिची किंमत दुबळ्या माणसांनी मोजली. न्यूमार्कवर आरोप ठेवायचा तर तो इथे ठेवा. २०१२ मध्ये त्याच्या कंपनीने पॅडमॅपर या घरं नकाशावर दाखवणाऱ्या छोट्या सेवेला न्यायालयात खेचलं, तेही मला खुपतं. मक्तेदारी मोडणारा स्वतः मक्तेदार झाला की कुंपण घालतोच.

तरीही या माणसाच्या कारकिर्दीतला खरा विचार करण्यासारखा प्रसंग वर्तमानपत्रांशी संबंधित नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. २००४ मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने ३ कोटी २० लाख डॉलर देऊन क्रेग्सलिस्टचे २८ टक्क्यांच्या वर शेअर घेतले. त्यांतले ८० लाख न्यूमार्कला आणि तेवढेच बकमास्टरला मिळाले, हेही सांगायला हवं. तो काही संन्यासी नाही. डिसेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला गुंतवणूकदारांच्या बैठकीत बकमास्टरला विचारलं गेलं, उत्पन्न जास्तीत जास्त कसं वाढवणार? त्याने सांगितलं, तो आमचा हेतूच नाही. समोरची मंडळी चक्रावून गेली. पुढे ईबेने स्वतःचं स्पर्धक संकेतस्थळ अमेरिकेत आणलं, तेव्हा या दोघांनी ईबेचा हात कंपनीत वाढू नये म्हणून नियम बदलले, आणि प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१० मध्ये न्यायाधीश विल्यम चँडलर यांनी त्यांतला मुख्य बदल रद्द केला. नफ्याच्या कंपनीचं रूप घेतलंत तर भागधारकांच्या फायद्याचं बंधनही आलं. लोकसेवेची आवड हे त्यातून सुटण्याचं कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय.

हे नवीन नव्हतं. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात हेन्री फोर्ड हेच ऐकून आला होता. त्याला साठलेला नफा गाड्या स्वस्त करण्यात आणि कारखाना वाढवण्यात घालायचा होता. त्याच्या कंपनीतले भागधारक डॉज बंधू यांना लाभांश हवा होता, आणि न्यायालयाने तो द्यायला लावला. आता हे दोन निकाल आणि वर्तमानपत्रांचा आरोप शेजारी ठेवा. वर्तमानपत्रं म्हणतात, न्यूमार्कने कमी पैसे घेतले म्हणून आम्ही मेलो. ईबे म्हणते, न्यूमार्कने कमी पैसे घेतले म्हणून आमचं नुकसान. दोघांच्या मते गुन्हा एकच: ओरबाडता आलं असतं तेवढं ओरबाडलं नाही. समोरच्याकडून गरजेपुरतंच घेणं हा गुन्हा ठरवणाऱ्या हिशोबाकडून बातमीदारीच्या भल्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? नाइट रिडर विकायला लावली ती याच हिशोबाने. २०१५ मध्ये क्रेग्सलिस्टने ईबेकडचे शेअर परत घेतले आणि भांडण मिटलं, पण तो हिशोब तसाच राहिला.

राहिला प्रायश्चित्ताचा मुद्दा. न्यूमार्कने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातल्या पत्रकारिता शाळेला २ कोटी डॉलर दिले. द मार्कअप या शोधपत्रकारितेच्या संस्थेलाही २ कोटी. हे अपराधी मनाचे पैसे आहेत की नाहीत, हे त्याच्या मनात शिरून ठरवण्यात मला रस नाही. मला काळजी वेगळी वाटते. दात्याच्या मर्जीवर चालणारी बातमीदारी किती टिकते? शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले नसते तर तो पाक्षिक अंक निघणं कठीण होतं, आणि देणारे एवढे मोठे मनाचे असूनही १९२३ मध्ये तो बंद पडला. दान सुरुवात करून देतं. दरमहा पगार करण्याचं काम त्याच्यावर टाकता येत नाही.

मग पगार कोणी करायचा? छुपा कर गेला असेल तर उघड कर का नको, हा प्रश्न अमेरिकेत आता कुठे विचारला जाऊ लागला आहे. न्यू जर्सी राज्याने २०१८ मध्ये स्थानिक बातम्यांसाठी सार्वजनिक निधीतून मदत देणारी संस्था कायद्याने उभी केली. फिलाडेल्फिया इन्क्वायररची मालकी २०१६ मध्ये ना-नफा संस्थेकडे गेली. सॉल्ट लेक ट्रिब्यून २०१९ मध्ये स्वतःच ना-नफा झालं. सरकारचा पैसा आला की सरकारची लाचारी येईल, ही भीती खोटी नाही. तिच्यासाठी मध्ये भिंत कशी बांधायची यावर डोकं लावायला हवं. परिसंवाद यावर व्हायला हवेत. न्यूमार्कच्या नावाने पुन्हा एकदा बोटं मोडून झाली की सभा संपते आणि या प्रश्नाला हातही लागत नाही.

पत्रकारितेच्या ज्या शाळेला न्यूमार्कचं नाव मिळालं, ती मॅनहॅटनमधल्या पश्चिम ४० व्या रस्त्यावर आहे. इमारत जुनी, एका मोठ्या दैनिकाची. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून तिथून निघायचं. संप, घटत्या जाहिराती, टीव्ही, वाढता खर्च यांनी ते खचलं आणि त्याचा शेवटचा अंक एप्रिल १९६६ मध्ये निघाला. क्रेग न्यूमार्क तेव्हा तेरा वर्षांचा होता, न्यू जर्सीत शाळेत शिकत होता.